छताखालची रेघ

"म्हणजे आता चांगल्या डोळ्यालाही कात्री," रंगारी म्हणाला. "एक चुन्यानं घालवला, दुसरा तुम्ही घालवा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. असल्या बोलण्याची त्यांना सवय असावी. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा भलामोठा डोळा पुढे ओढला आणि पेन्सिलीचं टोक बुबुळाच्या कडेवर टेकवलं.

"काळं आणि पांढरं जिथं मिळतं ना, त्या कडेत मूळ पेशी असतात. स्टेम सेल म्हणतात त्यांना. बुबुळावरचं पारदर्शक कातडं सारखं झिजतं आणि या पेशी ते सारखं नवं करत राहतात. तुमच्या उजव्या डोळ्यातल्या त्याच जळाल्या. मग पांढऱ्याचं कातडं बुबुळावर चढलं आणि डोळा धुरकटला. आता डाव्या डोळ्याच्या कडेतून अगदी एवढासा कपटा घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि उजव्यावर पसरायचे. ते तिथं धरतात आणि वाढतात."

"विरजण लावल्यासारखं," रंगाऱ्याची बायको म्हणाली.

"अगदी तसंच."

"आणि धरलं नाही तर?" रंगाऱ्यानं विचारलं.

"तर उजवा आहे तसाच राहील. धरलं तरी पूर्वीसारखं लख्ख दिसेल असं वचन मी देत नाही. डाव्याला धोका फार थोडा, पण अजिबात नाही असंही म्हणणार नाही."

"विचार करून सांगतो," असं म्हणून तो उठला. त्यांच्या घरात या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होता, त्यामुळे बायकोही पिशवी उचलून निघाली.

त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. चुना कालवताना डब्यातून उसळून डोळ्यात गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. एका डोळ्यावर संसार चालला होता. रंग सगळे दिसत होते, फक्त अंतर कळत नव्हतं. चहा ओतताना धार कपाच्या अलीकडे पडे, म्हणून बायको कप किटलीच्या चोचीला टेकवूनच धरी. यावर दोघं कधी बोलले नाहीत. असलेला डोळा पणाला लावण्यापेक्षा कप टेकवून धरणं स्वस्तातलं होतं.

कामाचंही चाललं होतं. लोक त्याला बोलवत ते त्याच्या रेघेसाठी. भिंतीचा रंग छताला मिळतो तिथं बाकीचे रंगारी चिकटपट्टी लावून रंगवतात आणि मग पट्टी सोलतात. हा पट्टी लावत नसे. शिडीवर चढायचं, श्वास रोखायचा आणि लहान ब्रशनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढत न्यायची. ती पाहायला घरमालक माना वर करून उभे राहत. अपघातानंतरही कुणाची तक्रार आली नव्हती. ब्रश भिंतीला नेमका कधी टेकेल हे आता कळत नसे, हात चाचपत पुढे जाई, पण रेघ उतरत होती. या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. दोन डोळेवाल्यांनी करून दाखवावं, असं तो बायकोला ऐकवीही.

त्याचा जोडीदार घुम्या. नाव आईबापांनी वेगळं ठेवलं होतं, पण दिवसभर तोंडात मिठाची गुळणी धरून काम करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? घुम्या शिडी धरी, मोठ्या भिंती रंगवी आणि संध्याकाळी एकच वाक्य बोले. "तू हो पुढं, मी ब्रश धुऊन येतो." थोड्या वेळानं ओला ब्रश झटकत तो खाली येई आणि दोघं घरची वाट धरत.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यानंतरची गोष्ट. एका शाळेच्या वाचनालयाचं काम चालू होतं. रंगारी त्या दिवशी सकाळी लवकर पोचला. खिडकीतून तिरकं ऊन छताखाली पडलं होतं आणि कालची वाळलेली रेघ त्यात उजळली होती. सहज म्हणून तो शिडीवर चढला. चांगला डोळा अगदी जवळ नेऊन आपलीच कारागिरी न्याहाळू लागला.

ब्रश जिथं उचलला जातो तिथं केसांची बारीक शेपूट राहते. रंगारी डावीकडून उजवीकडे ओढणारा. त्याच्या शेपट्या उजवीकडे वळायच्या. भिंतीवरच्या शेपट्या डावीकडे वळल्या होत्या. त्यानं शिडी सरकवली, पुढचा तुकडा पाहिला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे तेच. घुम्या डावखुरा होता.

खाली उतरून तो शिडीच्या पायरीवर बसून राहिला. रोजचा तो धुतलेला ब्रश त्याच्या डोळ्यांपुढे आला. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. घुम्याचा राग आला आणि रागावायला जागाच नाही याचा जास्त राग आला. घुम्या आला तेव्हा त्यानं लहान ब्रश बाजूला ठेवून मोठा उचलला. दिवसभर तो भिंती रंगवत राहिला, छताला हात लावला नाही.

घरी येऊन चप्पल काढता काढता तो बायकोला म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना सांग. कापा म्हणावं."

"अहो, पण एकदम कसं काय?"

"विचार केला म्हणून."

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या. डावी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती, पण तोवर सगळा अंधारच. रंगारी कॉटवर उताणा पडून होता. सकाळी पट्टी निघाली आणि अंधार तसाच राहिला तर, हे एकच मनात घोळत होतं.

दुपारी खोलीत टर्पेंटाइनचा वास आला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वहिनी कुठं गेल्या?" घुम्या म्हणाला.

"चहा आणायला. बस."

नेहमीप्रमाणे घुम्या गप्प बसला. डोळे बांधल्यावर ती शांतता फारच मोठी वाटत होती.

"एक विचारतो, खरं सांग," रंगारी म्हणाला. "नाहीतरी तुझं तोंड मला दिसत नाहीये. माझ्या रेघा कधीपासून सुधारतोयस?"

खुर्ची करकरली.

"तू कामावर परत आलास तेव्हापासून."

"सगळ्या?"

"कपाटामागच्या नाही. तिथं कोण बघतंय?"

रंगाऱ्याला हसू आलं आणि हसता हसता त्यानं नाक ओढलं.

"रडू नकोस," घुम्या घाईनं म्हणाला. "बाहेर नर्सबाईंनी बजावलंय मला, डोळ्यांत पाणी नको म्हणून."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? वाईट नव्हत्या रे. जरा भ्यालेल्या होत्या."

"आणि उद्या डावाही गेला तर?"

"तर मी रेघ मारीन. तू खाली उभा राहून शिव्या दे. आत्ता तरी वेगळं काय करतोस?"

घुम्या एका बैठकीत इतकं बोलल्याचं रंगाऱ्याला आठवत नव्हतं. त्यानं अंधारात हात पुढे केला. घुम्याच्या हाताला वाळलेला रंग चिकटलेला होता. बायको चहा घेऊन येईपर्यंत त्यानं तो हात सोडला नाही.

सकाळी डावी पट्टी सुटली आणि पहिल्यांदा बायकोचा ओढलेला चेहरा दिसला. उजव्यानं मात्र वेळ घेतला. थेंब, तपासण्या, पुन्हा थेंब. लावलेल्या कपट्यांनी जीव धरला होता आणि पांढरा पडदा कडेकडेनं विरळ होत गेला. लख्ख नाही, पण ओल्या काचेतून दिसावं तसं दिसू लागलं. एका सकाळी त्यानं टेबलावर ठेवलेल्या कपात किटलीनं चहा ओतला. एक थेंब बाहेर गेला नाही. कप धरायला पुढे आलेला हात बायकोनं मागे घेतला, पदराला पुसला आणि ती उगाचच डबे आवरायला लागली.

मग एका दवाखान्याचं काम आलं. रंगारी शिडीवर चढला, घुम्यानं शिडी धरली. ब्रश भिंतीला टेकला तेव्हा तो टेकणार हे त्याला आधी दिसलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं चारही भिंतींवरची रेघ पुरी केली आणि आपला ब्रश स्वतःच धुऊन ठेवला.

"तू हो पुढं," घुम्या म्हणाला. त्याच्या डाव्या हातात त्याचा लहान ब्रश होता. "मी ब्रश धुऊन येतो."

रंगारी जिना उतरला आणि फाटकापाशी उभा राहिला. वरच्या उघड्या खिडकीतून शिडी सरकल्याचा आवाज आला. त्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. थोड्या वेळानं शिडी पुन्हा सरकली, मग आणखी एकदा. चार भिंतींना लागावा तेवढा वेळ गेला.

घुम्या खाली आला. नेहमीसारखा ब्रश झटकत.

"झाला धुऊन?" रंगाऱ्यानं विचारलं.

"झाला."

रंगाऱ्यानं तो ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि केसांवरून अंगठा फिरवला. ब्रश कोरडा ठणठणीत होता, रंगात बुडालाच नव्हता. त्यानं तो घुम्याला परत दिला आणि दोघं घरची वाट चालू लागले.