माझ्या खोट्या जांभया

मी एक घोडा बोलतोय. सांगणार आहे ते शब्दन् शब्द खरं आहे, माझ्या चारही नालांची शपथ. माझा जन्म भर वादळात झाला. तबेल्यावर वीज कडाडली आणि मी आईच्या पोटातून बाहेर पडलो तो थेट धावतच. आईनंच सांगितलं मला. म्हणजे, आईनं नाही. मी सहा महिन्यांचा असतानाच आमची ताटातूट झाली, आणि त्याआधी ती ‘गप्प उभा राहा’ याखेरीज काही सांगत नसे. वादळही नसेल कदाचित. आणि नाल सध्या तीनच आहेत, चौथा उद्या नालबंद ठोकणार आहे. पण बाकीचं सगळं खरं.

वय चौदा. घोड्याचं चौदा म्हणजे माणसाची पंचेचाळिशी धरा. सांधे कुरकुरायला लागतात आणि थापा मारण्याइतका अनुभव गाठीशी असतो.

माझा पहिला मालक बागवान होता. मला पकडायचं असलं की तो बादली खडखडवायचा. मी धावत जायचो, आत पाहायचो, तर तळाशी चार खडे. तेव्हापासून मी कुणाच्याही हाताकडे आधी नीट पाहून घेतो. जनावरांचे डॉक्टर सुई पाठीमागे लपवून ‘काय म्हणतोस, बेटा’ असं गोड बोलत येतात. ज्याला सुई टोचायचीय तो माझी चौकशी कशाला करतो? नालबंद त्या मानानं सरळ. हातोडा समोर, शिव्याही समोर.

पुढे मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत आलो. शाळा मास्तरांची. मास्तर म्हणजे ताठ कणा, पांढऱ्या मिशा आणि ‘मी चाळीस वर्षं हेच करतोय’ हे वाक्य. घोड्यांचं बघायला मोतद्दार काका. खरारा करणं, लीद काढणं, तोबरा बांधणं, सगळं त्यांच्याकडे. ते मला ‘राजे’ म्हणतात, मानानं नव्हे, दाणा उशिरा आला की मी लाथेनं दार वाजवतो म्हणून. दारापाशी एक म्हातारा कुत्रा झोपलेला असतो. त्याचे मागचे पाय आखडलेत. त्याचं काम पूर्वी राखण होतं, आता धापा टाकणं.

माझ्या शेजारच्या ठाणात एक घोडी होती. स्वभावानं भोळी. एकदा ती किंचित लंगडली. डॉक्टरांनी पाय चाचपला, एका जागी दाबलं, आणि तिनं खरं ते सांगितलं, म्हणजे पाय झटकन ओढून घेतला. ‘इथंच आहे,’ डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. फळी टाकली, तिला चढवलं, गेला. ठाण धुतलं गेलं.

मी त्याच दिवशी कायदा केला: दुखतं कुठे ते दाखवायचं नाही. ज्याला जागा सापडते, तो ट्रक बोलावतो.

आणि मग माझंच दुखायला लागलं. मान संपून पाठ सुरू होते तिथे, डाव्या अंगाला, चार बोटांची जागा. नुसता उभा असलो तर काही नाही. खोगीर चढवलं, पट्टा आवळला आणि वर कुणी बसलं की खिळा रुतावा तसं. मी सांगणार कुणाला? मी पाठ उडवायचो. आधी एक शिकाऊ बाई पडल्या, वाळूत पडल्या म्हणून वाचल्या. मग शिकायला येणारे दातांचे डॉक्टर पडले. भला माणूस, पण उजवं मनगट मोडलं. पंधरवडाभर गावातल्या दाढा ठणकत राहिल्या म्हणतात.

“डोकं फिरलंय ह्याचं,” मास्तर म्हणाले. “शुक्रवारी ट्रकवाल्याला बोलावतो.”

“मास्तर, सहा वर्षं पाहतोय मी ह्याला,” काका म्हणाले. “लबाड आहे, पण खुनशी नाही. माझ्या मेहुणीच्या ओळखीच्या एक बाई आहेत. जनावरांना हातानं बरं करतात.”

“हातानं म्हणजे?”

“म्हणजे हात ठेवतात.”

“हात तर तुम्हीही रोज ठेवता!”

“मी लीद काढायला ठेवतो, मास्तर.”

काकांनी हट्ट धरला म्हणून मास्तरांनी ट्रक तीन आठवडे पुढे ढकलला.

बाई आल्या त्या रिकाम्या हातांनी. सुई नाही, दोरी नाही, हातोडा नाही, साधी बादलीसुद्धा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतका संशयास्पद माणूस मी पाहिला नव्हता. पन्नाशीच्या, केस मागे बांधलेले, पायात रबरी बूट. आधी कुत्र्यापाशी बसल्या. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्या कमरेवर ठेवलं, आखडलेल्या पायांखाली तळवे दिले आणि नुसत्या बसून राहिल्या. तो कुत्रा, ज्यानं एके काळी पोस्टमनची विजार फाडली होती, तो चक्क घोरायला लागला. मी म्हटलं, ह्याला फितवलाय.

मग माझ्याकडे वळल्या. मानेवर तळहात ठेवला. दाबला नाही, चोळला नाही, फक्त ठेवला. पिकलेल्या फळावर माशी बसावी इतका हलका. आणि थांबल्या. मीही थांबलो. कोण आधी कंटाळतंय बघू!

“काका, बघा हं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आतली गाठ सुटली की घोडा ओठ चाटतो, पापण्या मिटतो, जांभई देतो. जांभई आली की समजायचं, तिथलं काम झालं. मग हात पुढे सरकवायचा.”

घ्या! शत्रूनं स्वतःहून किल्ली हातात दिली.

हात मानेवरून खाली येत त्या चार बोटांच्या जागेवर पोचला, आणि मी अशी जांभई दिली की विचारता सोय नाही. बत्तीसच्या बत्तीस दात... घोड्याला चाळीस असतात, चाळीस धरा. डोळे फिरवले, जीभ एका बाजूला लोंबकळू दिली.

“वा! इथं काही नाही,” बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात मी जांभईला एक बारीकसा सुस्काराही जोडला. बाई खूश, काका खूश, मी तर फारच खूश. त्याच दुपारी मास्तर स्वतः माझ्यावर बसले आणि तिसऱ्या फेरीत कुंपणापाशी पडले.

“तीन वेळा येऊन गेलात,” कपड्यांवरची वाळू झटकत मास्तर बाईंना म्हणाले. “घोडा जांभया देतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. माझ्या वर्गातले लोकही जांभया देतात. म्हणजे त्यांना घोडेस्वारी आली का?”

बाईंचा चेहरा पडला. “माझं काहीतरी चुकतंय,” त्या म्हणाल्या. “उद्या एकदा येऊ द्या.”

“उद्या गुरुवार. परवा ट्रक. या.”

ते मी ऐकलं. मी दुखणं दाखवलं नव्हतं, तरी ट्रक येतच होता! इतकी वर्षं पाळलेला कायदा असा फुकट गेला. पण बाईंना आता खरं सांगावं, तर त्यांचा तरी काय भरवसा? कदाचित ट्रकवाला त्यांचाच भाऊ असेल.

गुरुवारी त्या आल्या आणि अर्धा तास मला हातच लावला नाही. नुसत्या दाराला टेकून बघत राहिल्या. मग पोटाकडून सुरुवात केली, उलटी. मी बेसावध होतो. हात बरगड्यांवरून वर यायला लागला तशी माझी घाई झाली आणि मी लवकरच जांभई देऊन टाकली.

बाई थबकल्या. हात मागे नेला. पुन्हा पुढे आणला, या वेळी अंगाला न लावता, हवेतूनच. मी पुन्हा जांभई दिली.

“काका, इकडे या. हात अजून पोचलासुद्धा नाही आणि ह्याची जांभई तयार!”

काका खराट्याला टेकून हसायला लागले. “राजे, राजे! अहो बाई, हा तुम्हाला फसवतोय. तीन आठवडे!”

“मला नाही फसवत,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “घाबरलाय. इतकं घाबरवलं कुणी ह्याला?”

मी अंग फळीसारखं ताठ केलं. आता दाब म्हणावं कुठे दाबायचं ते. पण त्यांनी दाबलंच नाही. पलीकडे गेल्या आणि माझ्या उजव्या बाजूला, जिथे काहीच दुखत नव्हतं, तिथे तळहात ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर पंपाचा आवाज येत होता, काका झाडत होते, कुत्रा घोरत होता. किती वेळ गेला कळलं नाही.

तेव्हा मी विचार केला. सगळ्या बाजूंनी केला. आणि ठरवलं: ह्या बाईवर एकदा विश्वास टाकून पाहू. त्यांचा हात डावीकडे आला तेव्हा मी जांभई दिली नाही. कातडी थरथरली ती थरथरू दिली, पाठ खाली गेली ती जाऊ दिली.

“सापडलं,” बाई म्हणाल्या. “काका, ह्याचं खोगीर आणा.”

खोगीर लाकडी घोडीवर ठेवलं. बाईंनी खालून हात फिरवला आणि मास्तरांना हाक मारली. “डाव्या गादीत गोळा झालाय. कुणी भरलीय ही?”

“मी,” मास्तर म्हणाले. “खोगीरवाल्यानं दुकान बंद केलं, मग मीच उसवून लोकर भरली. चाळीस वर्षं हेच करतोय मी.”

“मग इथं हात घाला. गादीखाली. हां, तिथंच. आता मी वर बसते.”

बाई बसल्या. मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर फक्त डुकरांकडून ऐकलाय. कुत्रा जागा झाला.

“एवढं लागतं?” हात चोळत मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या हाताला आत्ता एकदाच लागलं,” बाई उतरत म्हणाल्या.

मास्तर खोगीर उचलून घेऊन गेले. माणसं सहज ‘खोगीरभरती’ म्हणतात. खाली पाठ कुणाची असते, ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी ते पडवीत बसून गादीची शिवण उसवत होते. शुक्रवारी ट्रक आला, फळी पडली, मी ठाणाच्या कोपऱ्यात सरकलो. मास्तर बाहेर गेले. “परत ने,” म्हणाले. “चूक माझी होती, घोड्याची नव्हती.” ट्रकवाला बाईंचा भाऊ नव्हता. मी नीट पाहिलं.

चार महिने माझ्या पाठीवर कुणी बसलं नाही. बाई दर आठवड्याला येतात. दातांचे डॉक्टर परत शिकायला लागलेत. चढण्याआधी ते माझ्याकडे संशयानं पाहतात, मी त्यांच्याकडे पाहतो. मग मी जांभई देतो, खरी, आणि ते माझ्या दाढा पाहून पसंतीची मान डोलावतात.

तुम्हा माणसांना एवढंच सांगायचंय: जनावराला हात लावायचा तर आधी हात दाखवा, मग ठेवा, आणि मग थांबा. घाई असेल तर पुन्हा कधीतरी या.

आता एक कबुली. मी सगळ्या बाजूंनी विचार करून विश्वास टाकायचं ठरवलं, असं मघाशी म्हणालो ना, ती थाप. मी काही ठरवलं नाही. माझा अजूनही कुणावर विश्वास नाही. त्या गुरुवारी बाईंचा हात उजव्या बाजूला ठेवलेला असताना मला उभ्या उभ्या झोप लागली होती. हात डावीकडे कधी आला ते मला माहीतच नाही. मी झोपेत होतो, आणि माझ्या अंगानं मला न विचारता त्यांना सगळं सांगून टाकलं.