तीन वाजताचा भात

चांद्र महिन्याची विसावी तिथी. बुधवार.

सायकलींच्या रांगेवर पडलेली खिडकीची चौकट. काच नाही, नुसती चौकट.

मागच्या भाडेकरूने त्या घरात अकरा वर्षं सिगारेटी ओढल्या.

वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवर पांढरा चुरा.

कुकर बोलतो. बाईच्या आवाजात, अदबीने.

यातलं आधी काय आणि नंतर काय, हे ओकबुनला पुढे धड सांगता येईना. पोलिसाने विचारलं तेव्हा तिने तिथीपासून सुरुवात केली. त्याने लिहून घेतलं नाही.

*

नवव्या, दहाव्या, एकोणिसाव्या, विसाव्या दिवशी, दिशा बदलत फिरणारी बाधा कुठल्याच दिशेला नसते, वर निघून जाते. घर बदलायचं ते त्या दिवशी. पण उल्सान शहरात अशा दिवसांच्या सामानगाड्या महिनाभर आधी ठरलेल्या असतात. मुलाने शनिवारची गाडी घेतली आणि वर म्हणाला, "आई, शनिवारी सुट्टी असते. बाधेलाही असेल."

ओकबुन हसली नाही. सून पाचव्या महिन्यात होती. याआधी दोनदा चौथ्यातच सगळं संपलं होतं, आणि दोन्ही वेळा घर बदललं होतं ते वाईट दिवशी.

त्यावर तोड एकच. चांगल्या दिवशी भाताचा विजेचा कुकर आधी नेऊन ठेवायचा. कुकर गेला की घर बदललं असं धरतात. सामान मागून केव्हाही येवो.

सकाळी आठ वाजता ती कुकर गाठोड्यात बांधून नवव्या मजल्यावर हजर झाली. दारात रंगारी सोकहो उभा होता, गळ्यात मास्क, अंगात पांढरा कागदी झगा.

"आई, आज आत काही न्यायचं नाही."

"कुकर आहे. ओट्यावर ठेवते नि जाते."

"उद्या ठेवा ना."

"उद्या बाधा अडवायला तू उभा राहशील का मिस्त्री? तिथी आजची आहे."

"माझीही आजचीच आहे." त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंत जुन्या दातांसारखी पिवळी होती. "साधा रंग मारला तर हा धूर चार दिवसांत वर येतो. म्हणून आज तेलाचं अस्तर. फार कडक असतं. बघा, यंत्रसुद्धा मी बाहेर ठेवलंय."

खरंच, फवाऱ्याचं यंत्र बाहेरच्या वाटेवर होतं, तिथल्याच प्लगवर. त्याची लांब नळी दाराखालच्या फटीतून आत गेली होती. घरातला मेन स्विच त्याने पाडला होता आणि पेटीवर निळी चिकटपट्टी लावून तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं.

"वासाचं म्हणाल तर तो नुसता वास नाही, त्यात..." तो सांगायला लागला आणि त्याचा फोन वाजला. सोसायटीच्या कचेरीतून. दहाव्या मजल्यावरच्या बाईंना वासाने मळमळतंय, खिडक्या लावून घ्या.

"वास उघड्यावर जाईल तर बरं, का कोंडून ठेवलेला बरा?" सोकहोने फोनवर विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते ओकबुनला ऐकू आलं नाही. त्याने मात्र एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या.

तिचं गाठोडं दाराबाहेरच राहिलं.

*

साडेबारा. सोकहो शेवयांचा रस्सा प्यायला खाली गेला.

दाराच्या कुलपाचा आकडा म्हणजे मुलाच्या लग्नाची तारीख. ओकबुनने तो दाबला. आत गेल्या गेल्या डोळ्यांना धार लागली. सगळ्या घरावर प्लास्टिक चढलेलं: ओट्यावर, जमिनीवर, खिडक्यांवर. आतली दारं बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलेली. अर्ध्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, कुंचल्याची एक रेघ नाही, सायीसारख्या. छान करतो मेला, ती मनात म्हणाली.

प्लास्टिक उचलून तिने कुकर ओट्यावर ठेवला, पिन लावली. दिवा लागेना.

थंड कुकर ठेवून काय उपयोग? आज घरात वाफ निघायला हवी.

स्विचची पेटी दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात होती. पट्टीवरची अक्षरं तिला चष्म्याविना वळवळणाऱ्या किड्यांसारखी दिसली. तिने पट्टी सोलली, खटका वर केला, आणि पट्टी होती तशी परत लावून अंगठ्याने घासली. शिवणकामात आयुष्य गेलेलं. कोणाला कळलं नसतं. तांदूळ-पाणी आत होतंच; रंगकाम उरकेल तेव्हा भात तयार व्हावा म्हणून तिने कुकरला तीनची वेळ लावली.

"तीन वाजता भात शिजवायला सुरुवात करेन," कुकर म्हणाला.

तिने वरून प्लास्टिक नीट ओढून घेतलं. रंग उडायला नको.

खाली लिफ्टच्या दारात सोकहो भेटला.

"रुसलात का आई?"

"तुझ्यावर कशाला रुसू? तू काय माझा जावई?"

"साडेतीनला हात धुतो. मग तुमचा कुकर मी डोक्यावर घेऊन आत ठेवतो, नाचत."

ती हसली. तेव्हा सांगता आलं असतं. पण चोरून केलेलं काम पुरं होईपर्यंत बोलायचं नसतं, असं तिला वाटलं. लिफ्टचं दार लागलं.

*

शेजारीण सुनदक गाड्यांच्या जागेत मिरच्या पसरत होती. ओकबुन तिच्या शेजारी बसून देठ खुडू लागली.

"तुझ्या अंगाला आमच्या ह्यांचा वास येतोय," सुनदक म्हणाली. तिचा नवरा जहाजांच्या टाक्या रंगवायचा. "कुठे लोळून आलीस?"

"मुलाच्या घरी. अस्तर चाललंय."

"खिडक्या उघड्या आहेत ना?"

"लावल्यात."

सुनदकचा हात थांबला. "ह्यांच्या टाकीत हातातलं घड्याळसुद्धा नेऊ देत नसत. कोंडलेल्या वासाला एक ठिणगी पुरते, भडका उडतो म्हणायचे. आत वीज तरी बंद असेल."

ओकबुनने मनगटाकडे पाहिलं. दोन बावन्न.

सोकहोला फोन केला. वाजत राहिला. तोंडावर मास्क, कानात बोळे. तो कसला उचलतोय.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबल्यासारखी वाटली. सहाव्यावर खरंच थांबली, एक बाई कुत्रा घेऊन आत आली, "वर का? मला खाली जायचंय," म्हणून सावकाश परत उतरली.

नववा. यंत्र घरघरत होतं, नळी थरथरत होती. आतून फुसफुस, लांब, एकसारखी. कुकर वाफ सोडतो तशीच.

दोन अठ्ठावन्न.

तिने यंत्राचं बटण बंद केलं.

फुसफुस बसली. नळीचा माग काढत सोकहो दारात आला, भुवयांपर्यंत पांढरा. मास्क वर केला. "आई, हे काय? भिंतीवर डाग पडेल."

"कुकर," ती म्हणाली. "आत आहे. चालू आहे. तीनचा."

त्याने पट्टीकडे पाहिलं. पट्टी जागेवर होती. मग कडेची सुरकुती त्याला दिसली. हात खटक्याकडे गेला आणि बोटभर अंतरावर थांबला. खटका पाडला तरी ठिणगी पडते. त्याने हात असा मागे घेतला, जणू तिथे झोपलेलं मूल होतं.

"जिना," तो हलकेच म्हणाला. त्याने तिला कंबरेत धरलं. धावण्यात त्याचा एक बूट नळीत अडकून मागे राहिला.

आठव्या मजल्याच्या वळणावर, वरच्या उघड्या दारातून, बाईचा अदबीचा आवाज आला.

सकाळी तांदूळ धुताना ओकबुनने घरच्या तिघांच्या तीन वाट्या घेतल्या होत्या, आणि चौथी रंगाऱ्याची.