पेम्बर्टनच्या कुत्र्याचा जुळा

"बिस्पोक म्हणजे काय गं?" मी विचारलं. माझी भाची जिपार नारिन शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवते, पण लंडनच्या बातमीतला हा शब्द तिलाही अडला होता. फोनवर आमच्या शिरदाकचा फोटो होता. गालिच्याच्या मधोमध आमच्या लंडनच्या गिऱ्हाइकाचा, पेम्बर्टनसाहेबाचा कुत्रा; गालिचा त्यानेच सांगून करून घेतलेला.

जिपारने शोधून काढलं. "मावशी, एकाच माणसासाठी, त्याच्या सांगण्यावरून केलेलं. जगात दुसरं नाही असं."

"अगं बाई!" मी म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. चहाचे वाडगे त्याच कुत्र्यावर मांडले होते.

आता यात माझा काय दोष? लोकर दाबून केलेला पांढरा आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवायचा, एकाच सुरीने दोन्ही कापायचे, तुकड्यांची अदलाबदल करून शिवायचे. पांढऱ्यावर तपकिरी कुत्रा आला की तपकिरीवर पांढराही येणारच. शिरदाक एकटा जन्मतच नाही. साहेबाला एक धाडला, दुसरा माझ्या लेकीच्या, मेरिमच्या लग्नात द्यायला ठेवला. कुत्रा साहेबाचा असेल, लोकर तर आमची!

पण बातमीमागोमाग निरोप आला. साहेब गुरुवारी येतोय, पत्रकाराला घेऊन. खूश झाला तर ओळखीच्यांच्या ऑर्डरी मिळवून देणार. म्हणजे गावातल्या बायकांना हिवाळाभर काम. मी जुळा रजयांच्या ढिगात तळाशी कोंबला आणि सगळ्यांना गप्प राहायला बजावलं. सासूबाई तेवढ्या शेजारी गेल्या होत्या, त्यांना सांगायचं राहून गेलं.

साहेब आला. मी त्याला जुन्या सतरंजीवर बसवलं आणि सासूबाईंचं डोकं फिरलं.

"मानाच्या जागी पाहुण्याला ही चिंधी? लाज वाटते का गं? कुत्र्याचा कुठे गेला?"

मी डोळे मिचकावून मिचकावून थकले. त्यांनी ढीग उपसला, जुळा ओढून काढला आणि साहेबाला त्यावर बसवलं.

साहेब खाली बघतच राहिला. हा दुसरा कुठून आला, असं त्याने जिपारकरवी विचारलं.

"सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या, "तुझाच आहे बाबा, दुसरा अर्धा. तुझ्यासाठी जपून ठेवलाय."

म्हातारी इतकं सफाईदार खोटं कधी शिकली कोण जाणे! साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रकाराने छापलं, की प्रत्येक गिऱ्हाइकाचा जुळा डोंगरातल्या या घरात जपला जातो, कधीच विकला जात नाही. खरं बिस्पोक ते हेच.

झालं. ऑर्डरी आल्या, कामाला तोटा नाही. पण घरात आता कुणाची मांजर, कुणाची होडी, एका दंतवैद्याची बायको. लोक फोन करून आपापला जुळा बघायला मागतात. पाय ठेवायला जागा नाही, आणि लेकीला द्यायला एक गालिचा नाही!

"माझा कर की वेगळा," मेरिम म्हणाली. "मेंढ्याची शिंगं काढ. कुत्रा नको, आई."

केला. शरदात तो तिच्याबरोबर सासरी गेला. त्याचा जुळा मागे राहिला. त्याला बघायला कुणाचा फोन येणार नव्हता. मी दंतवैद्याच्या बायकोला उचलून कोपऱ्यात टाकलं, मानाच्या जागी मेरिमचा अंथरला आणि त्यावर बसून मनसोक्त रडले.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "जिपारला विचारू का," म्हणाल्या, "याला इंग्रजीत काय म्हणतात ते?"

"गप्प बसा हो सासूबाई," मी म्हटलं, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.