टोक झिजलेला दात

पिंड मांडून बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना. भीमेच्या काठी खुटबावची भावकी ताटकळली होती. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली उतरत नव्हता.

"कावळंबी आता पोल्ट्रीवर कामाला लागल्यात," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सोपानरावांनी हात जोडले. गेलेले हौसराव त्यांचे थोरले भाऊ. "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार न्हाई. या आता."

कावळ्यानं मान फिरवली.

हौसरावांची लेक अनुपमा आईशेजारी उभी होती. तिच्या मुठीत शार्कचा दात होता, दगड झालेला.

हौसरावांनी सगळी नोकरी कच्छच्या खाणीत ड्रिल मशीन चालवण्यात काढली. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, त्यामुळे मातीत असले दात निघत. दिवाळीला येताना ते डबाभर दात घेऊन येत, आणि मग बापलेक ओसरीवर बसून कांद्यासारखी त्यांची निवड करत. मूळ शाबूत, कडेची करवत नखाला लागते, टोक जागेवर, तो एक नंबर. लहान ती गोल्टी. तुटकाफुटका तो बदला. "लोकांचं नवरं साड्या आणत्यात," साळूबाई म्हणायच्या, "आमचं हे दात आणत्यात, त्येबी माशाचं!"

शेवटी दवाखान्यात असताना त्यांनी हाच दात मागवून घेतला होता. अंगठा टोकावर फिरवत विचारलं होतं, "कसलाय?"

"टोक गेलंय, आप्पा. बदला."

"नीट बघ की, बाई."

"घरी गेल्यावर भिंगाखाली बघते."

घरी जाणं झालं, ते त्यांचा देह घेऊनच.

तेव्हापासून तिनं दात पाहिला नव्हता. पाहिला नाही तोवर आप्पांचा प्रश्न तसाच होता, आणि प्रश्न विचारणारा माणूस उत्तरासाठी थांबतो, असं तिला वाटत राहिलं. शहाण्यासुरत्या बाईला न शोभणारं हे वाटणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

साळूबाईंनी तिच्या दंडाला धरलं. "आनू, तुला काय बोलले व्हते का गं? कशात अडकलाय जीव?"

"बघते," ती म्हणाली आणि तिनं मूठ उघडली.

दात उन्हात तिरपा धरला. दगड झाल्यानंतर मोडलेल्या दाताची मोड फिकी, खरखरीत असते, तिची कड नखाला टोचते. इथं टोक गुळगुळीत होतं. बाकी दातावर होती तीच काळी झिलई टोकावरही होती. हा दात मातीत तुटला नव्हता, मशीननंही तोडला नव्हता. मासा जिवंत असतानाच, हाडं फोडून फोडून झिजला होता. "कामानं झिजलं त्याला तुटलं म्हणू न्हाई," आप्पा निवड करताना सांगायचे. असला दात त्यांनी कधी बदल्यात टाकला नव्हता.

उत्तर ओठांवर आलं. एवढं म्हटलं की झालं. तिनं ओठ घट्ट मिटले. थोडं थांबा, आप्पा, आणखी थोडं.

"दादा!" सोपानरावांचा आवाज फुटला. "विहिरीवरची मोटार उद्याच्या उद्या दुरुस्त करतो. शपथ!"

कावळा सपकन खाली आला आणि त्यानं भातात चोच मारली.

"शिवला, शिवला!"

"मोटारीत जीव व्हता बघा हौसरावांचा!" कुणीतरी डोळे पुसत हसलं. सोपानराव लहान मुलासारखे रडत होते. साळूबाईंचा हात लेकीच्या दंडावरून सैल झाला. माणसं चपला शोधू लागली.

अनुपमा विस्कटलेल्या पिंडाशी वाकली.

"एक नंबर आहे, आप्पा," ती म्हणाली.

कावळा तोवर नदीच्या पलीकडे गेला होता.