माझ्या पोटातली ओल

मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, वर पिवळी आणि खाली पांढरी. आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते: एका निरपराध पोरीवर माझ्यामुळे आळ आला होता. मला एवढं मोठं तोंड आहे, पण वेळेला त्यातून एक शब्द फुटला नाही.

तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. केदारखेड्याच्या रखमाजींनी मला जालन्याच्या बाजारात पुखराजशेठच्या दुकानातून घेतलं. शेठजींनी मला टिचकी मारून दाखवली आणि बजावलं, “चीज एक नंबर हाय. पण धुतली की दोन दिस उन्हात ठेवा. बिलकुल कोरडी झाली, मंगच लोनचं भरा.” मी ऐटीत बैलगाडीत बसले. वाटेत एका खड्ड्यात चाक आदळलं आणि आत, बुडाशी, केसाएवढा तडा गेला. कुणाला दिसला नाही. मीही गप्प राहिले. नव्या घरी जाताना आपलं व्यंग कोण सांगतं?

घरची मालकीण म्हणजे रखमाजींची बायको, चतुराबाई. हाताला भारी चव! दर उन्हाळ्यात शंभर कैऱ्यांचं लोणचं घालायची. आधी मला दोन दिवस उन्हात तापवायची, त्यामुळे तड्यातली ओल वाळून जायची. माझ्या लोणच्याची तारीफ पाहुणे गावभर करायचे. मला वाटायचं, सारी तारीफ माझीच.

मग घरात सून आली, तुळजा. त्या वर्षी चतुराबाईला भावाच्या घरचं लग्न गाठायचं होतं आणि आभाळही आलेलं. तिने मला धुतलं, फडक्याने पुसलं आणि लगेच लोणचं भरून टाकलं. तड्यात पाणी तसंच राहिलं. श्रावणात माझ्या पोटात बुरशी धरू लागली. मला कळत होतं हो, पण सांगू कुणाला?

आता एक गोष्ट सांगते. महिन्यातले तीन-चार दिवस बाई बाजूला बसायची, स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. मुलांनी विचारलं तर मोठी माणसं सांगत, तिला कावळा शिवला. आणि अशा बाईचा हात लागला की लोणचं नासतं, असं सगळे छातीठोक सांगत. तुळजा अशीच ओसरीत बसली होती. घरात कुणी नव्हतं. पावसाने माळवद, म्हणजे मातीचं छत, गळू लागलं, धार नेमकी माझ्या झाकणावर. ती उठली आणि मला उचलून कोनाड्यात ठेवलं. पाण्याचा थेंबही तिने आत जाऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईने झाकण काढलं. वर पांढरी साय धरलेली!

“हिला शिवलं कोन?” ती ओरडली.

“म्या शिवले, आत्याबाई,” तुळजा खरं तेच बोलली. “माळवद गळू राह्यलं होतं. म्हून उचलली.”

“सालभराचं लोनचं घालवलंस गं! कारभारी आष्टीहून येऊ दे. गाडी जोडायला सांगते, अन् तुला माहेरी घालते. पुन्हा बोलावनं न्हाई!”

सारं लोणचं उकिरड्यावर गेलं. मला अंगणात पालथी टाकली. कारभारी म्हणजे तुळजाचा नवरा, तो आठ दिवसांनी यायचा होता. पोर रडली, मग डोळे पुसून सासूला म्हणाली, “आत्याबाई, माझ्या हातानंच नासत आसंल तर भाकर बी नासंल. तुमच्या हातची न्हाई नासनार. पाह्यचं का करून?”

“बराबर बोलती,” रखमाजी ओट्यावरून म्हणाले. “होऊन जाऊ दे!”

संक्रांतीची चार मातीची बोळकी निघाली. भाकरीचे चार तुकडे केले. ओलीनं काही होतं का तेही कळावं, म्हणून तुळजाच्या सांगण्यावरून दोनांवर पाणी शिंपडलं, दोन तव्यावर खडखडीत वाळवले. चतुराबाईने न्हाऊन-धुऊन एक ओला आणि एक कोरडा तुकडा हातात दाबला. तुळजाने ओसरीतूनच उरलेले दोन दाबले. एकेक तुकडा एकेका बोळक्यात गेला. आपल्या बोळक्यांना तिने लाल दोरा बांधला. चारींवर झाकणं ठेवून रखमाजींनी ती आपल्या उशाशी ठेवली. ते सहा दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सातव्या दिवशी झाकणं निघाली. तुळजाच्या ओल्या तुकड्यावर कापसासारखी बुरशी. चतुराबाईच्या ओल्या तुकड्यावर तशीच, उलट मधे हिरवा ठिपकासुद्धा! कोरडे दोन्ही तुकडे स्वच्छ.

“म्या तर न्हाऊन शिवले होते,” चतुराबाई पुटपुटली.

“हात कोनाचा बी आसू द्या,” तुळजा हळूच म्हणाली. “ओल आसंल तिथं बुरशी.”

रखमाजींना शेठजींचं बोलणं आठवलं. “का गं, अवंदा बरणी उन्हात ठेवली होती का?”

चतुराबाई उठली. अंगणात आली, मला सरळ केलं आणि आत हात घालून बुडाशी बोट फिरवलं. तडा सापडला. बोट काळं, ओलं निघालं. “घाई माझी,” ती म्हणाली, “अन् नाव लेकराचं झालं.” मला इतकी लाज वाटली, की वाटलं, तिथंच फुटून जावं.

कारभारी आला तेव्हा गाडी जुंपली, पण माहेरी जायला नाही. जालन्याला गेली, नवी बरणी आणायला. मला कोनाड्यात ठेवलं. तेव्हापासून माझ्यात भोपळ्याच्या बिया असतात. पाहुणे आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या श्रावणात तुळजा पुन्हा ओसरीत बसली होती. पंगतीला शेजारणी आल्या होत्या. चतुराबाईने सगळ्यांसमोर हाक मारली, “तुळजे, आत ये. लोनचं तू वाढ.” शेजारणींचे घास हातातच राहिले. तुळजाने नव्या बरणीत हात घातला. ते लोणचं पुढच्या कैऱ्या येईपर्यंत टिकलं.

मित्रांनो, भांडी धुतलीत की कडक वाळवा. आणि अन्न नासलं तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी तेच बोट भांड्याच्या बुडाशी फिरवून पाहा. मी तर त्या घरात आयुष्य काढलं. तो कावळा मला काही एकदाही दिसला नाही.