डाव्या चाकावरची दोन बोटं

महांतप्पांची नजर म्हणजे काटा, असं कळंबच्या धान्याच्या मोंढ्यात सगळे म्हणत आणि महांतप्पा स्वतःही म्हणत. चाळीस वर्षं आडत केलेला माणूस. ट्रॉलीतून कट्टा उतरताना ते हमालाच्या मानेकडं एकदा बघत आणि सांगत, "साडेएकोणपन्नास. अर्धा किलो कमी हाय, भर." मापाडी तो कट्टा काट्यावर टाकायचा आणि काटाही मुकाट्यानं महांतप्पांचंच ऐकायचा. पुढं आडत मुनिमाच्या हाती सोपवून ते घरी बसले, तरी खोड गेली नाही. लग्नात नवरदेवाला घोड्यावर चढवताना ते शेजारच्याच्या कानात आकडा सांगत.

अशा माणसानं एक गाडी पाळली होती. आडतीच्या गोदामात, तुरीच्या थप्पीमागं, ताडपत्रीखाली. साठ-पासष्ट सालच्या सुमाराची, विलायती, लाल, वरून उघडी आणि फक्त दोन माणसांची. तरुणपणी हैदराबादला गेले आणि घेऊन आले. का घेऊन आले, हे त्यांच्या वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. ज्या घराला पोती वाहायला वाहन हवं होतं, त्या घरात पिशवी ठेवायलाही जागा नसलेली गाडी आली. पण ह्याच गाडीतून महांतप्पांनी शिवलीलाबाईंना लग्न लावून अणदूरहून कळंबला आणलं. वाटेत तुळजापूरच्या घाटात नवरीचा पदर उडाला, तो धरता धरता तिच्या हातातला नारळ दरीत गेला, आणि दोघं येडशीपर्यंत हसत आली. त्यानंतर पोरगं झालं, आडत वाढली, गाडी ताडपत्रीखाली गेली आणि डाव्या सीटवर शिवलीलाबाईंऐवजी रिकाम्या पोत्यांचा बारदाना बसू लागला.

गेल्या श्रावणात जेवायला वाढता वाढता शिवलीलाबाई म्हणाल्या, "मला एकदा त्या गाडीतून अणदूरला न्या. खंडोबाच्या पाया पडायचं हाय. आले तशी एकदा जायचं हाय."

महांतप्पांचा घास हातातच राहिला. ह्या बाईनं इतक्या वर्षांत एक प्रेशर कुकर सोडून काही मागितलं नव्हतं, आणि तोही शेवटी तिच्या भावानंच आणून दिला होता. ते म्हणाले, "नेतो. मार्गशीर्षात देव नळदुर्गला जायच्या आत नेतो."

अणदूरचा खंडोबा वर्षाचे साधारण दहा महिने अणदूरला असतो, मग पालखीत बसून नळदुर्गला जातो आणि पौषात परत येतो. म्हणजे हातात भाद्रपद, आश्विन आणि कार्तिक होते. इंजिन येरमाळा रोडवरच्या अंबादास मिस्त्रीनं महिन्याभरात बोलतं केलं. अंबादासचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरखाली गेलेलं. त्याच्या मते ही गाडी म्हणजे रुसलेला ट्रॅक्टरच होता. खरी अडचण चाकांपाशी आली.

जुनी चाकं तारांची होती आणि निम्म्या तारा गंजून गेल्या होत्या. तेव्हा चाकं नवी आणि टायरही नवे. अरुंद घ्यायचे की रुंद, एवढंच ठरवायचं होतं. टायरच्या अंगावर आकडा असतो. एकशेपंचावन्न म्हणजे रुंदीला सहा इंचांच्या आसपास, एकशेपंच्याऐंशी म्हणजे सव्वासात. गाडी कारखान्यातून आली तेव्हा तिला अरुंदच होते. रुंद टायर घ्यायचा तर खालचं चाकही रुंद लागतं, नाहीतर टायर घट्ट झंपर घातल्यासारखा दिसतो. असा सगळा सव्वा इंचाचा मामला. ह्या सव्वा इंचावर महांतप्पांनी आख्खा भाद्रपद घालवला.

पुण्याहून मुलगा उमाशंकर रोज फोटो पाठवायचा. सगळ्या गाड्या रुंद टायरांवर, पहिलवानासारख्या मांड्या फाकवून उभ्या. "अप्पा, अरुंद टायरवर ती गाडी सायकल दिसंल," असं त्यानं लिहिलं. अंबादासचंही तेच म्हणणं. "शेठ, ट्रॅक्टरचं मागलं चाक बघा. रुंद हाय म्हणून त्याला मान हाय." महांतप्पांचा जीवही रुंदावरच जडला होता. माणूस पासष्टीला आला की त्याला आपण नाही तर निदान आपली गाडी तरी रुबाबदार दिसावी असं वाटतं.

घरी ते जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवून टायर बघत. एकदा शिवलीलाबाईंनी पाटल्या काढून डब्यात ठेवल्या. "पिठात गळून पडत्यात," म्हणाल्या. महांतप्पा म्हणाले, "बरं केलंस," आणि पुढचा फोटो काढला. दुसऱ्या एका दुपारी त्या तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या आणि पुन्हा माठाकडं गेल्या. महांतप्पा म्हणाले, "लई ऊन पडलंय औंदा." पाऊस पडत होता.

शेवटी अंबादासनं लातूरहून दोन्ही मापांची चाकं-टायर आणले, बघून एक जोडी परत करायच्या बोलीवर. आता बसवून बघायचं. पण गाडी रिकामी उभी असताना कुठलाही टायर बसतो. माणसं बसली की गाडीचे पाटे दबतात, मडगार्ड खाली येतं आणि टायर वर घासतो. चालवणारा उजवीकडं, म्हणजे महांतप्पा स्वतः. प्रश्न डाव्या बाजूचा.

"काकूंना बोलवू का?" अंबादास म्हणाला.

"गॅरेजवर? पाच माणसांत तिला गाडीत बसवून चाक मोजायचं? कट्टा आण."

"काकूंचं वजन किती?"

महांतप्पांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. बायकोचं वजन विचारायला लागणारा आडत्या अजून मोंढ्यात जन्मायचा होता. "सत्तर," ते म्हणाले. "अर्धा किलो इकडं न्हाय का तिकडं न्हाय."

मग पन्नासचा सोयाबीनचा कट्टा डाव्या सीटवर बसवला आणि वर वीस किलोचं गाठोडं ठेवलं. अंबादास माणूस रीतभातीचा. "काकू, जरा मागं रेला," असं म्हणत त्यानं कट्टा टेकवून बसवला. महांतप्पा स्टेअरिंगवर बसले. अंबादास मागच्या डाव्या चाकापाशी वाकला आणि टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघू लागला.

आधी रुंद टायर. "काडी जात न्हाय शेठ. खड्ड्यात गाडी आपटली की टायर कापणार."

"गाठोडं काढ."

गाठोडं काढलं. नुसता पन्नासचा कट्टा राहिला. "आता बोट जातंय. पन्नासला चालतंय."

मग अरुंद टायर चढवले. नुसत्या कट्ट्याला तीन बोटं फट राहिली. गाठोडं ठेवल्यावर दोन. "दोन बोटं म्हणजे लई झालं," अंबादास म्हणाला. "काकू आरामात जात्याल अणदूरला."

म्हणजे रुंद टायर हवेत तर काकू नकोत, आणि काकू हव्यात तर रुंद टायर नकोत. अंबादासनं मडगार्डची आतली कड हातोड्यानं वळवून देतो म्हणून सांगितलं आणि हातोडा उचललासुद्धा. महांतप्पांनी तो हात धरला. जी गाडी त्यांनी वडिलांच्या शिव्या खाऊन टिकवली, तिला ते हातोडा लावू देणार नव्हते. उमाशंकर फोनवर म्हणाला, "अप्पा, आई काय रोज बसणार हाय का त्या गाडीत? अणदूरला तिला भाड्याच्या गाडीतनं न्या. रुंदच बसवा."

महांतप्पा दोन दिवस मोंढ्यातून येरमाळा रोडला आणि येरमाळा रोडवरून मोंढ्यात हिंडले. तिसऱ्या दिवशी अंबादासला म्हणाले, "अरुंद बसव." आवाज असा होता की अंबादासला वाटलं कुणीतरी गेलं.

त्याग केला की तो चार लोकांना कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. महांतप्पांनी तो आधी मापाड्याला सांगितला, मग हमालांना, मग चहावाल्याला. बायकोसाठी आपण रुंद टायर सोडले. सत्तर किलोचा प्रश्न होता, मी म्हणालो बायको आधी. हे फिरत फिरत शेजारच्या शांतम्मांपर्यंत गेलं आणि शांतम्मांनी ते भिंतीवरून शिवलीलाबाईंच्या कानावर घातलं. बायकोचं वजन मोंढ्यात सांगितलं म्हटल्यावर घरात भांडं आपटणार, अशा तयारीनं महांतप्पा जेवायला बसले.

"सत्तर म्हणालात व्हय?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"अंदाजानं म्हणालो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भाकरी वाढून आत गेल्या. महांतप्पांना वाटलं, बाई समजूतदार आहे. आपण सुटलो.

कार्तिक संपत आला तेव्हा एका सकाळी गाडी दारात उभी राहिली. अंबादास मुद्दाम आला होता, आपली कारागिरी गल्लीनं बघावी म्हणून. शिवलीलाबाई हिरवं लुगडं नेसून, खोबरं आणि भंडाऱ्याची पुडी घेऊन बाहेर आल्या. दाराला हात टेकून त्या सीटवर बसल्या आणि पाय आत घेतले. महांतप्पा उजवीकडं बसले. गल्लीतली चार माणसं जमली. शांतम्मा भिंतीशी होत्याच.

अंबादास सवयीनं डाव्या चाकापाशी वाकला. बोटं घातली. पुन्हा घातली. तोंड वर करून हसत म्हणाला, "तीन बोटं शेठ. तीन आरामात जात्यात."

"दोन जातील. नीट बघ."

"बघितलं की. तीन. पाटे लई झकास जमल्यात."

महांतप्पा खाली उतरले. गाडीला वळसा घालून गुडघ्यावर बसले आणि स्वतःची बोटं घातली. तीन. सीटवर नुसता कट्टा होता तेव्हाही तीनच होती. मग त्यांनी मान वर करून बायकोकडं बघितलं. चाळीस वर्षं हमालांच्या मानेकडं बघत आलेल्या माणसानं आपल्या बायकोची मान त्या दिवशी बघितली. गळ्याखालची हाडं दिसत होती. झंपराची शिवण दोन्ही दंडांना आत घेतलेली होती. लुगडं तेवढं तेच होतं, आणि आजवर त्यांनी बहुतेक लुगड्याचंच वजन धरलं होतं.

"म्हणजे शेठ," अंबादासच्या डोक्यात आत्ता उजेड पडला, "ह्या हिशोबानं रुंद टायरसुद्धा बसला असता की."

महांतप्पांना अशी लाज वाटली, जशी वडिलांच्या शिव्यांनी कधी वाटली नव्हती.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"बसा की गाडीत. लोक बघायलेत."

"कधीपासनं म्हणलो."

"झालं वरीस-सव्वा वरीस," शिवलीलाबाई समोरच्या काचेकडं बघत म्हणाल्या. "तहान लई लागतीया. खाल्लेलं अंगी लागंना. आधी आडतीचा हंगाम होता, मग तुमची गाडी निघाली. म्हणलं, एकदा अणदूर होऊ द्या, मग बघू."

"मला सांगायचं न्हाय?"

"तुमी सत्तर म्हणालात. मला बरं वाटलं. म्हणलं, ह्यांच्या डोळ्यांत तरी भरलेली हाय अजून."

महांतप्पा उठले. गुडघ्यावरची धूळ झाडली नाही. गाडीत बसून त्यांनी चावी फिरवली आणि म्हणाले, "धाराशिवला दवाखान्यात जायचं आधी. अणदूर मागनं."

"देव जाईल की नळदुर्गला."

"जाऊ दे. परत येतोय की पौषात. त्याचं येणं-जाणं ठरलेलं हाय."

गाडी हलायच्या आत अंबादास खिडकी नसलेल्या दाराशी आला. "शेठ, रुंद जोडी अजून माझ्याकडंच हाय. आता बसतीया म्हणल्यावर बदलून टाकू का? परतीला या, अर्ध्या तासात चढवतो."

"ती लातूरला परत कर," महांतप्पा म्हणाले. "ही सत्तरचीच हाय."

धाराशिवला डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली, लपून वाढलेली, चांगली मोठी. वेळेत आलात, म्हणाले. काट्यावर शिवलीलाबाई साडेएकोणपन्नास भरल्या. महांतप्पांनी आकडा वाचला आणि बाहेर बाकावर येऊन जरा वेळ बसले. त्यानंतर मोंढ्यात कुणी वजनाचा अंदाज विचारला की ते मापाड्याकडं बोट दाखवू लागले.

पौषात देव अणदूरला परतल्यावर गाडी पुन्हा दारात उभी राहिली. गोळ्यांच्या पिशवीत ह्या वेळी भंडाऱ्याची पुडी होती, किंवा भंडाऱ्याच्या पिशवीत गोळ्या होत्या. शिवलीलाबाई बसल्या. अंबादासला बोलावलं नव्हतं तरी तो आला होता, पण चाकापाशी त्याला जाऊ दिलं नाही. महांतप्पा स्वतः गुडघ्यावर बसले आणि बोटं घातली. दोन गेली. तिसरं जाता जाता अडकलं. त्यांनी जरा जोर लावून बघितला. जाईना.

"किती?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"पदर सांभाळ," महांतप्पा म्हणाले. "घाट हाय पुढं."