त्याचं लग्न, तिचं म्होतूर

विधवेनं दुसरा संसार मांडला की त्याला लग्न म्हणायचं नाही, म्होतूर म्हणायचं. कागलजवळच्या त्या घरात हा नियम कुणी आणला देव जाणे, पण पाळायला बाळासोतात्या कायम छाती काढून पुढं. त्यांची विधवा पुतणी वर्षाराणी एमआयडीसीत राबून घर चालवायची. तिच्या पगाराला मात्र तात्यांनी कधी वेगळं नाव ठेवलं नाही.

रविवारी हातकणंगल्याचा कृष्णात तारीख धरायला आला. त्याचीही पहिली बायको वारलेली. वर्षाराणीला तो आवडला होता आणि पुढचा सगळा जन्म त्याच्याबरोबर काढायचा, हे तिनं पक्कं केलं होतं. चहा आणला तात्यांच्या बायकोनं, चिमणाकाकीनं. तीही या घरात म्होतरानंच आलेली. घरातल्या एकाही हळदीला तिला कधी हात लावू दिला नव्हता.

तात्या म्हणाले, "पावणं, तुमच्या घरी लग्नाची हळद, मांडव, काय करायचं ते करा. हितलं म्होतूर आमी उजाडायच्या आत देवळामागं उरकतो. सवाष्णी तिकडं फिरकाय नगोत."

वर्षाराणीचं डोकं फिरलं. "यांचं बी दुसरंच हाय की, तात्या. यांचं लग्न आन माझं तेवढं म्होतूर?"

"बाप्याचं लग्नच असतंय."

ती कृष्णातकडं वळली. "तुमी सांगा. मी तुमची लग्नाची बायको, का म्होतराची?"

कृष्णात कपात बघत म्हणाला, "म्हणू द्या की त्यास्नी. निस्ता शबूद तर हाय."

एवढा धट्टाकट्टा गडी, आणि त्याला एक शब्द उचलवेना.

"निस्ता शबूद हाय न्हवं? मग म्होतूर तुमी घ्या आन लग्न मला द्या."

कृष्णातनं कप तोंडाला लावला. वर्षाराणीला रडू येत होतं, पण रागानं ते वर येऊ दिलं नाही. "मग उठा, पावणं. न्हाय जमायचं."

तात्या भडकले. "लय शानी झालीस. ह्या काकीला इचार. उभा जन्म काढला हिनं माझ्यासंगं, कधी लग्नाचं नाव काढलं न्हाय."

चिमणाकाकी कप गोळा करत होती. "जन्म म्या काढला," ती म्हणाली. "तुमी निस्तं म्होतूर लावलं."

मग ती दारात गेली आणि कृष्णातच्या चपला पायानंच रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या.